सिडनी ते होबार्ट : ग्रीन केपच्या अलीकडे आणि पलीकडे

२४ डिसेंबर, रशकटर्स बे

सिडनी ते होबार्ट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीला अजून दोन दिवस होते, तरी आमच्या दृष्टीने ती आज सकाळीच सुरू झाली. क्रूझिंग यॉट क्लब ऑफ ऑस्ट्रेलियाच्या आवारात सगळ्या बोटींचे स्किपर आणि नेव्हिगेटर दाटीवाटीने बसले होते आणि ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याचे अधिकारी पुढच्या पाच दिवसांचे नकाशे दाखवत होते. सव्वीसला दुपारी ईशान्येचा वारा, १५ ते २० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). मध्यरात्रीनंतर दक्षिणेचा बदल. सत्तावीसला दिवसभर समोरून वारा. अठ्ठावीसला बास सामुद्रधुनीत पश्चिमेचा, ३० नॉटच्या वर. पुढे टास्मानियाच्या किनाऱ्याला जवळजवळ पडलेला वारा.

दक्षिणेचा बदल म्हटल्यावर सगळ्यांनी माना खाली घालून टिपणं काढायला सुरुवात केली, त्याला कारण आहे. या किनाऱ्याला लागून पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. तो सापडला तर ताशी दोन-तीन सागरी मैल फुकट मिळतात, म्हणून प्रत्येक नेव्हिगेटर त्याच्या मागे असतो. पण वारा दक्षिणेकडून सुटला की पाणी एकीकडे आणि वारा त्याच्या उलट, असं होतं. मग लाटा लांबलचक राहत नाहीत, आखूड आणि उभ्या होतात. बोट एका लाटेच्या माथ्यावरून सुटते आणि मागे पाणी नसतंच. ती सरळ खाली आपटते.

मार्ग ६२८ सागरी मैलांचा, म्हणजे ११६० किलोमीटरच्या थोडा पुढे. न्यू साउथ वेल्सचा किनारा धरून दक्षिणेला, बास सामुद्रधुनी ओलांडून टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्याने खाली, टास्मान बेटाला उजवीकडे वळसा, स्टॉर्म बे, मग डर्वेंट नदीतून होबार्ट. १९४५ साली क्लबच्या काही मंडळींनी नाताळच्या सुट्टीत होबार्टपर्यंत रमतगमत जायचं ठरवलं होतं. त्या वेळी सिडनीत असलेले ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन जॉन इलिंगवर्थ म्हणाले, मग शर्यतच का नको? नऊ बोटी निघाल्या. वादळात इलिंगवर्थ यांची 'राणी' दिसेनाशी झाली, विमानांनाही सापडेना, आणि सगळ्यांनी आशा सोडलेली असताना तीच पहिली होबार्टला पोहोचली. साडेसहा दिवसांहून थोडा जास्त वेळ लागला होता. आज शंभर फुटी बोटी दोन दिवसांच्या आत पोहोचतात. २०१७ मध्ये 'कोमांच'ने १ दिवस ९ तास १५ मिनिटं आणि २४ सेकंदांत हे अंतर कापलं. आमची बोट चाळीस फुटी. आम्हाला चार दिवस धरून चालायचं होतं.

पण चाळीस फुटी बोटही ही शर्यत जिंकू शकते, आणि मला यातलं सर्वांत आवडतं ते हेच. प्रत्येक बोटीला तिच्या बांधणीनुसार एक गुणांक मिळतो, लागलेल्या वेळेला त्याने गुणलं जातं, आणि त्या हिशेबात जो पहिला त्याला टॅटरसॉल कप. आधी पोहोचणारा आणि जिंकणारा वेगवेगळे असू शकतात. म्हणून मागच्या बोटीवरही शेवटच्या मिनिटापर्यंत कुणी हात सैल सोडत नाही.

संध्याकाळी सामान भरलं. माझ्या पिशवीत लोकरीचे आतले कपडे, दोन हेडटॉर्च आणि डबाभर आलेपाक. बोट लागल्यावर पोटात काही राहत नाही तेव्हा आलेपाक राहतो, हा माझ्या मालवणच्या आजोबांचा अनुभव. बोटीवर सगळ्यांना आता त्याची सवय झाली आहे. सफरचंदं आणि संत्री मात्र मोजूनच घेतली, कारण टास्मानियात ताजी फळं उतरवू देत नाहीत. बेटावरच्या बागांना कीड लागू नये म्हणून तिथे फार कडक नियम आहेत. जे नेऊ ते वाटेतच संपवायचं.

२६ डिसेंबर

दुपारी एकला तोफ झाली. मालवणात तेव्हा सकाळचे साडेसात. आई फोनवर ट्रॅकर उघडून बसली होती आणि आमच्या बोटीचा ठिपका कुठला ते तिने भावाला आधीच विचारून ठेवलं होतं.

सिडनी बंदरातली ही सुरुवात बघायला हजारो लोक नीलसन पार्कच्या, ब्रॅडलीज हेडच्या, साउथ हेडच्या उतारांवर येतात. वरून ते सुंदर दिसत असणार. बोटीवर मात्र तो पाऊण तास फक्त आवाजाचा असतो. वारा समोरून, त्यामुळे बंदराच्या अरुंद पाण्यात सगळ्याच बोटी नागमोडी जातात, एकमेकींच्या नाळेसमोरून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून. मी जिब ट्रिमर, म्हणजे पुढच्या शिडाचा दोर माझ्याकडे. स्किपरने सुकाणू फिरवलं की एका बाजूचा दोर सोडायचा, दुसऱ्या बाजूला धावायचं, विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या चक्रावर, वेढे घ्यायचे, ओढायचं. दर दोन-तीन मिनिटांनी हेच. कुणीतरी डावीकडून ओरडत होतं, कुणीतरी उजवीकडून. आमच्या मागच्या बाजूपासून हातभर अंतरावरून एक पन्नास फुटी बोट गेली, तिच्यावरच्या माणसाच्या हातमोज्याची शिवण मला दिसली.

हेड्सच्या, म्हणजे बंदराच्या मुखावरच्या दोन टोकांच्या, बाहेर पडलो, समुद्रातल्या खुणेला वळसा घातला, नाळ दक्षिणेकडे झाली आणि वारा पाठीशी आला. पुढच्या टोकावर आमची सर्वांत तरुण खलाशी होती. तिने स्पिनेकरचा दोर अडकवून हात वर केला, आम्ही ओढलं, आणि ते फुग्यासारखं गोल शीड फटकन भरलं. बोट उचलल्यासारखी निघाली. या शर्यतीत पहिल्यांदा बायका उतरल्या त्या दुसऱ्याच वर्षी, १९४६ मध्ये. त्यांच्यापैकी जेन टेट यांच्या नावाने आजही पहिल्या येणाऱ्या महिला स्किपरला चषक देतात. आमच्या या मुलीला तो एक दिवस हवा आहे. ती हे कुणाला सांगत नाही, मला सांगितलं आहे.

दुपार आणि संध्याकाळ निव्वळ आनंदाची. नऊ-दहा नॉटचा वेग, खाली प्रवाहाची साथ, डाव्या हाताला डॉल्फिन. बॉटनी बे मागे पडलं, वुलाँगाँगचे दिवे लागले. रात्री चार तास पाळी, चार तास झोप. पहिल्या पाळीत मी मान वर केली तर मृग नक्षत्र उत्तरेला उलटं टांगलेलं, आणि आपल्याकडे दक्षिण क्षितिजाजवळ राहणारा अगस्ती जवळजवळ डोक्यावर. आग्नेयेला त्रिशंकू हळूहळू वर येत होता. इतकी वर्षं इथे राहूनही उलटा मृग पाहिला की मी कुठल्या गोलार्धात आहे ते मला नव्याने कळतं.

अकरानंतर हवेत एक विचित्र ऊब आली आणि ईशान्येचा वारा अडखळू लागला. स्किपरने स्पिनेकर उतरवायला सांगितलं. आजूबाजूच्या बोटींची अजून उभी होती. कुणी काही बोललं नाही, उतरवलं.

२७ डिसेंबर

बदल एकच्या सुमारास आला. दक्षिणेला तारे खालून पुसले जाऊ लागले, एवढंच दिसलं. मग दोन-तीन मिनिटं वारा पूर्ण पडला, शिडं लोंबली, आणि समोरून गारठ्याची भिंतच आल्यासारखा ३० नॉटचा वारा अंगावर आला. या वाऱ्याला इथे 'सदर्ली बस्टर' म्हणतात. पाच मिनिटांत हवा इतकी थंड झाली की घामाने ओला झालेला अंगरखा अंगाला बर्फासारखा लागला. मुख्य शीड दोन पट्ट्यांनी आखडलं, पुढे लहान जिब चढवलं. अंधारात मागे कुठेतरी फाटणाऱ्या कापडाचा आवाज आला. कुणाचं तरी स्पिनेकर.

पुढचा सगळा दिवस समोरच्या वाऱ्यात. बोट वीस-पंचवीस अंशांनी कललेली, आम्ही सगळे वाऱ्याकडच्या काठावर, पाय बाहेर सोडून, कमरेचा पट्टा बोटीच्या दोराला अडकवून. आठ माणसांचं वजन त्या बाजूला असलं की बोट थोडी सरळ राहते, आणि सरळ राहिली की पळते. म्हणजे कित्येक तास तुमचं काम एकच, वजन होऊन बसणं. लाट येते, तोंडावर फुटते, गळ्यातून आत उतरते. बोलायला काही नसतं. मला हे काम मनापासून आवडतं. शहरातल्या माझ्या कोणत्याच कामात मी इतकी निःसंशयपणे उपयोगी नसते.

सकाळपासून आमच्यातला एक जण, पहिल्यांदाच ही शर्यत करणारा, फार आजारी होता. बोट लागणं वेगळं आणि हे वेगळं. पाणीसुद्धा आत राहत नव्हतं, ओठ पांढरे, प्रश्नाला उत्तर उशिरा. असा माणूस अंगातलं पाणी संपून आणि थंडीने तासागणिक खचत जातो. माँटेग्यू बेट उजवीकडे दिसलं तेव्हा दुपार कलली होती. नेव्हिगेटरने नकाशावर ईडनवर हाताचं बोट ठेवलं. ग्रीन केप म्हणजे बास सामुद्रधुनीच्या आधीचं किनाऱ्यावरचं टोक, आणि त्याच्या अलीकडचं हे शेवटचं मोठं बंदर. दर वर्षी काही बोटी तिथेच वळतात.

ग्रीन केपबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझ्या मते या शर्यतीचं काळीज तिथे आहे.

१९९८ मध्ये ११५ बोटी सिडनीहून निघाल्या आणि ४४ होबार्टला पोहोचल्या. सत्तावीस-अठ्ठावीस डिसेंबरला बास सामुद्रधुनीत वादळाने त्यांना गाठलं. पाच बोटी बुडाल्या, ५५ जणांना हेलिकॉप्टरनी आणि इतरांनी वाचवलं, सहा खलाशी गेले. त्यानंतर चौकशा झाल्या, नियम बदलले. निदान अर्ध्या खलाशांनी समुद्रात तगून राहण्याचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. आम्ही ते तलावात केलं, पूर्ण कपड्यांनिशी पाण्यात उडी मारून तराफ्यात चढण्याचं. प्रत्येकाच्या अंगावर संकटसूचक यंत्र हवं. आणि ग्रीन केपपाशी प्रत्येक बोटीने रेडिओवर कळवायचं : रेडिओ चालू आहे, तराफे बोटीवर आहेत, इंजिन आणि बॅटऱ्या ठीक आहेत, बोट आणि माणसं समाधानकारक स्थितीत आहेत, आणि ताजा हवामान अंदाज पाहून, विचार करून, पुढे जायला आम्ही तयार आहोत असं स्किपरचं मत आहे.

शर्यत समिती तुम्हाला थांबवत नाही, पुढेही ढकलत नाही. जायचं की नाही हे बोटीने ठरवायचं, हा शिडाच्या शर्यतींचा मूळ नियमच आहे. ग्रीन केप एवढंच करतं की तो निर्णय तुम्हाला उघड्या आवाजात उच्चारायला लावतं. कोकणात वाढलेल्या माणसाला हे लगेच समजतं. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या काठावर ओढून ठेवणारी आमची माणसं काही भित्री नव्हती. दर्यात न जाण्याचा निर्णय हाही दर्यावर्दीचाच निर्णय असतो, आणि तो एकट्याने मनात घ्यायचा नसतो.

आमचा स्किपर १९९८ मध्ये एका बोटीवर खलाशी होता. ती ईडनला वळली होती. याहून जास्त तो त्याबद्दल बोलत नाही. आज संध्याकाळी त्याने त्या आजारी मुलाला काठावरून उतरवून आत झोपवलं, कोरडे कपडे घालायला लावले, आणि आम्हाला सांगितलं, "दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. नऊपर्यंत पोटात राहिलं तर पुढे जाऊ. नाही राहिलं तर ईडन. यावर चर्चा नाही."

माझ्याकडे ते काम आलं. चमच्याने साखर-मिठाचं पाणी, मग आलेपाकाचा एवढासा तुकडा. पहिले दोन घोट उलटून पडले. तिसरा राहिला. आठला त्याने स्वतःहून कप मागितला. नऊला तो उठून बसला आणि त्याला स्वतःचं नाव, बोटीचं नाव, आपण कुठे आहोत ते नीट सांगता आलं.

मग स्किपरने प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. एकत्र विचारलं तर कुणीच नाही म्हणणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो माझ्याजवळ आला तेव्हा मी विंच धरून बसले होते. "तुझं काय? खरं सांग." मी म्हणाले, हात ठीक आहेत, झोप कमी झाली आहे, डोकं जागेवर आहे, जाऊ या. त्याने मान हलवली आणि पुढे सरकला. दरम्यान नेव्हिगेटरने बॅटऱ्या पाहिल्या, इंजिन सुरू करून बंद केलं, तळाचं पाणी उपसलं. रात्री अकराच्या सुमारास ग्रीन केपचा दिवा उजवीकडे चमकला आणि त्याने रेडिओ हातात घेतला. तो एकेक वाक्य सावकाश बोलला. पलीकडून नोंद घेतल्याचं उत्तर आलं.

२८ डिसेंबर, बास सामुद्रधुनी

पहाटेपासून जमीन नाही. वारा नैर्ऋत्येकडून पश्चिमेला फिरला, म्हणजे आता तो बाजूने येत होता आणि बोट पुन्हा पळू लागली. दुपारी ३५ नॉटचे झोत. ही सामुद्रधुनी उथळ आहे, सरासरी खोली ६० मीटरच्या आसपास. खोल महासागरातून आलेली लाट इथे तळाला अडते आणि उभी राहते. आजची हवा १९९८ च्या तुलनेत काहीच नव्हती, आणि तरी पाण्याचा तो हिरवा-करडा उभा उतार पाहून मला त्या माणसांची सतत आठवण येत होती. सुकाणूवर अर्धा तास झाला की बदली. त्यापेक्षा जास्त वेळ एकाग्रता टिकत नाही.

दुपारी एक अल्बट्रॉस आला. पंख न हलवता लाटेच्या उतारावरून खाली, मग वाऱ्यात वर. तासभर तो आमच्या सोबत होता. आजारी मुलगा काठावर येऊन बसला होता आणि त्याच्याकडे बघत बिस्किट खात होता.

संध्याकाळी चाळीस अंश दक्षिण ओलांडलं. पश्चिमेला, क्षितिजापलीकडे, फ्लिंडर्स बेट. इथून खाली पृथ्वीभोवती पश्चिमेचे वारे जवळजवळ अडथळ्याविना धावतात. २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, कमांडर दिलीप दोंदे, फ्रीमँटलहून लिटल्टनला याच दक्षिणी समुद्रांतून गेले होते. ती बोट गोव्यात बांधलेली. मग अभिलाष टॉमी, तेही एकटेच, मग 'तारिणी'वरच्या नौदलाच्या मुली, सगळ्या मिळून. आम्ही एवढे जण असताना मला रात्री शीड आखडायला चार हात लागले. तेच काम एकट्याने, महिनोन्‌महिने. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात केवळ आदर आहे.

२९ डिसेंबर

वारा पडला. टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बिशेनो गावासमोर कित्येक तास आम्ही आरशासारख्या पाण्यावर, शिडं नुसती फडफडत. कपडे वाळवले, उरलेली संत्री संपवली. नेव्हिगेटर मात्र या दिवशी सर्वांत थकला. किनाऱ्याजवळ राहायचं की बाहेर जायचं, यावर त्याने डोळे लाल होईपर्यंत विचार केला आणि बाहेरची बाजू धरली. संध्याकाळी तिथे ईशान्येचा वारा आधी आला. किनाऱ्यालगतच्या तीन बोटी मागे राहिल्या. त्याने काही न बोलता चहा मागितला.

३० डिसेंबर

पहाटे टास्मान बेट. मी झोपेतून वर आले आणि समोर तीनशे मीटरचे सरळ कडे पाण्यातून उठलेले, वर दीपगृह, खाली खडकांवर सील. पुढे केप राऊल. डोलेराइटचे खांब एकाला एक लावून उभे केल्यासारखे. ज्यांनी अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला आहे त्यांना हे खांब ओळखीचे वाटतील. तिथेही थंड होताना असेच चिरत गेलेले बेसॉल्टचे स्तंभ आहेत. इथे ते मैलभर लांब आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी दक्षिण महासागर आदळतो.

इथून शेवट चाळीसच मैल, पण किती बोटींची शर्यत याच चाळीस मैलांत गेली आहे. स्टॉर्म बे आज नावाप्रमाणे नव्हता. सकाळभर वाऱ्याची एकेक झुळूक शोधत, पाण्यावर काळसर सुरकुती दिसली की तिकडे. आयर्न पॉटचं जुनं दीपगृह मागे टाकून डर्वेंटमध्ये शिरलो तेव्हा दुपार झाली होती आणि समुद्राकडून वारा नुकताच भरू लागला होता. रात्री या नदीत वारा अनेकदा पूर्ण बंद होतो आणि बोटी शहराचे दिवे बघत तासन्‌तास उभ्या राहतात. आम्हाला ते चुकलं. स्पिनेकर शेवटचं वर गेलं. वेलिंग्टन पर्वत समोर वाढत गेला, बॅटरी पॉइंटजवळची रेषा आली, भोंगा वाजला.

कॉन्स्टिट्यूशन डॉकमध्ये होबार्टची माणसं टाळ्या वाजवतात, पहिल्या बोटीसाठी आणि शेवटच्या बोटीसाठीही. अनोळखी आजीबाईने माझा हात दाबून "शाब्बास" या अर्थाचं काहीतरी म्हटलं. आईला फोन केला. ती म्हणाली, "काल दिवसभर तुमचा ठिपका हलत नव्हता, मला वाटलं ट्रॅकर बंद पडला."

गुणांकाच्या हिशेबात आम्ही आमच्या विभागात मधल्या घोळक्यात आलो. बिशेनोच्या त्या निर्णयाने दोन जागा वर नेलं होतं, त्याबद्दल नेव्हिगेटरला रात्री पहिला ग्लास मिळाला.

३१ डिसेंबर

दुपारी एक दोनच माणसांनी चालवलेली बोट आली. २०२१ पासून त्यांचा वेगळा विभाग आहे. दोघांचे चेहरे मिठाने पांढरे, एकाच्या हाताला पट्टी. दोर पकडायला आमचा तो आजारी पडलेला मुलगा सगळ्यांच्या आधी धावला. बोट बांधून झाल्याबरोबर त्याने त्यांना विचारलं, "ग्रीन केपला तुम्हाला वारा किती होता? आणि पुढे जायचं तुम्ही कसं ठरवलंत?" ते दोघं धक्क्यावरच बसले आणि सविस्तर सांगू लागले.